तपासणी निगेटिव्ह, तरीही आजार: फॉल्स निगेटिव्ह निष्कर्षांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉल्स निगेटिव्ह म्हणजे नेमके काय?

आजार शरीरात असतानाही तपासणीचा निष्कर्ष ‘नाही’ असा येणे, याला फॉल्स निगेटिव्ह म्हणतात. असे घडले की प्रयोगशाळेने हलगर्जी केली असावी, हा पहिला संशय मनात येतो. नमुन्यांची अदलाबदल होणे, रसायने खराब झालेली असणे, असे प्रकार कधी कधी घडतातही. परंतु सगळे काम नियमानुसार होऊनही निष्कर्ष चुकू शकतो आणि समजून घेण्यासारखा भाग तोच आहे. रुग्णाचा प्रश्न असतो, ‘मला हा आजार आहे का?’ तपासणी मात्र त्याहून बऱ्याच लहान प्रश्नाचे उत्तर देते: ‘या नमुन्यात, या घडीला, या पद्धतीला दिसेल एवढ्या प्रमाणात ती गोष्ट सापडली का?’ या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे, त्यात आजार निसटतो. म्हणूनच अनेक रिपोर्टवर ‘नाही’ असे न लिहिता ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असते, आणि तो शब्द विचारपूर्वक निवडलेला असतो.

चाचणी ९० टक्के आजार पकडते, तर माझा निगेटिव्ह रिपोर्ट चुकीचा असण्याची शक्यता १० टक्के समजायची का?

नाही. हा गैरसमज सर्वत्र आढळतो आणि तो दूर करण्यासाठी थोडा हिशेब करणे आवश्यक आहे.

खरोखर आजारी असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते, या प्रमाणाला संवेदनशीलता म्हणतात. आणि आजार नसलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते, या प्रमाणाला विशिष्टता म्हणतात. क्षयरोगासाठी काढलेले छातीचे एक्स-रे वेगवेगळे डॉक्टर कसे वाचतात याचा विचार करताना, जेकब येरुशाल्मी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९४७ साली या दोन संज्ञा आजच्या अर्थाने मांडल्या. ही दोन्ही प्रमाणे चाचणीविषयी सांगतात. हातात पडलेल्या रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा, हे मात्र तपासणीच्या आधीच आजाराची शक्यता किती होती यावर ठरते.

समजा, एका चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के आहे आणि विशिष्टताही ९० टक्केच आहे. कोणतेही लक्षण नसलेल्या १००० लोकांची तपासणी केली आणि त्यांच्यात प्रत्यक्ष १० जण आजारी आहेत असे धरले, तर ९ जण सापडतील आणि १ निसटेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ८९१ जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल. म्हणजे एकूण ८९२ निगेटिव्ह रिपोर्टांमध्ये चुकीचा फक्त एक. आता हीच चाचणी अशा १००० लोकांवर करा, ज्यांची लक्षणे इतकी स्पष्ट आहेत की त्यांच्यातले ५०० जण खरोखर आजारी आहेत. ४५० सापडतील, ५० निसटतील. निरोगी ५०० पैकी ४५० निगेटिव्ह येतील. एकूण निगेटिव्ह ५००, त्यांतले चुकीचे ५०. म्हणजे दर दहा निगेटिव्ह रिपोर्टांमागे एक चुकीचा. चाचणी तीच, यंत्र तेच, रसायनही तेच; तरी पहिल्या गटातल्या माणसाने निश्चिंत झोपावे आणि दुसऱ्या गटातल्या माणसाने डॉक्टरांकडे परत जावे, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

प्रत्यक्ष व्यवहारात याचे चांगले उदाहरण म्हणजे डी-डायमर ही रक्तचाचणी. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शक्यता डॉक्टरांना तपासून कमी वाटत असेल, तर ही चाचणी निगेटिव्ह आल्यावर तो आजार नाही असे मानता येते. शक्यता जास्त वाटत असेल, तर निगेटिव्ह डी-डायमरवर विसंबून न राहता थेट सीटी स्कॅनकडे वळतात.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. चाचणीची संवेदनशीलता पुष्कळदा निदान पक्के झालेल्या, आजार बळावलेल्या रुग्णांवर मोजलेली असते. सौम्य किंवा नुकत्याच सुरू झालेल्या आजारात तीच चाचणी त्याहून अधिक रुग्ण चुकवू शकते.

संसर्ग झाल्याची शंका आल्यावर लगेच तपासणी करून घेतली आणि ती निगेटिव्ह आली. आता निर्धास्त व्हावे का?

बहुतेक वेळा नाही, कारण फॉल्स निगेटिव्हचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण म्हणजे तपासणीची वेळ चुकणे. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीला दिसू लागेपर्यंत जो काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. हा काळ आजाराप्रमाणे बदलतो, तसाच एकाच आजाराच्या वेगवेगळ्या चाचण्यांसाठीही बदलतो. एचआयव्हीचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार, विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी साधारणपणे संसर्गानंतर १० ते ३३ दिवसांत तो दाखवते. शिरेतून काढलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी अँटीजन-अँटीबॉडी चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, दोन्ही शोधणारी) १८ ते ४५ दिवसांत दाखवते. आणि केवळ अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात. त्यामुळे ‘तपासणी केली’ एवढे सांगून भागत नाही. कोणती केली आणि संभाव्य संसर्गानंतर कितव्या दिवशी केली, हे दोन्ही सांगावे लागते.

कोविडच्या साथीत हेच दिसून आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आरटी-पीसीआर चाचणी कितव्या दिवशी किती रुग्ण चुकवते याचा अंदाज मांडला होता. संसर्गानंतर पहिल्या दिवशी तपासणी केली तर निष्कर्ष जवळजवळ निश्चितपणे चुकीचा निगेटिव्ह येतो; चौथ्या दिवशी हे प्रमाण ६७ टक्के राहते; लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे पाचव्या दिवशी, ३८ टक्के; आणि आठव्या दिवशी २० टक्के. त्यानंतर ते पुन्हा वाढू लागते. रुग्णाच्या संपर्कात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणी करून, निगेटिव्ह रिपोर्टच्या भरवशावर वृद्ध आईवडिलांना भेटायला जाणाऱ्या माणसाच्या हातात वास्तविक कोणताच पुरावा नसे.

डेंग्यूत वेळेची अडचण दोन्ही बाजूंनी येते. एनएस-१ हे विषाणूचे प्रथिन तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडते आणि पुढे कमी होत जाते. आयजीएम अँटीबॉडी मात्र साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते. म्हणून ताप येऊन सहा दिवस झाल्यावर केवळ एनएस-१ करणे किंवा दुसऱ्याच दिवशी केवळ आयजीएम करणे, यातून मिळणारा निगेटिव्ह रिपोर्ट दिशाभूल करू शकतो.

घरी केलेली गर्भधारणेची चाचणी निगेटिव्ह आहे, पण पाळीही आलेली नाही. असे का होते?

चाचणी फार लवकर केली गेली किंवा पुष्कळ पाणी पिऊन लघवी पातळ झालेली असली, तर एचसीजी हे संप्रेरक पट्टीला दिसेल इतके नसते. काही दिवस थांबून सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी पुन्हा करावी. क्वचित उलटेही घडते: संप्रेरक इतके जास्त असते की पट्टीवरची रासायनिक जोडणीच बिघडते आणि रेघ उमटत नाही. पोटात तीव्र दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर थांबू नये. गर्भ नळीत राहिल्याची शक्यता रक्तचाचणीने आणि सोनोग्राफीने लगेच तपासावी लागते.

नमुना घेण्यातच चूक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे मला वाटते. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. शरीराचे तसे नाही. गाठीतून सुईने काढलेल्या पेशी नेमक्या निरोगी भागातून आल्या, तर शेजारच्या दोन मिलिमीटरवरचा कर्करोग अहवालात येत नाही. म्हणून तपासताना गाठ संशयास्पद वाटली, सोनोग्राफीतही ती तशीच दिसली आणि बायोप्सी मात्र निर्दोष आली, तर अनुभवी डॉक्टर हे तीन निष्कर्ष एकमेकांशी जुळतात का ते पाहतात आणि जुळत नसतील तर बायोप्सी पुन्हा करतात.

क्षयरोगाच्या तपासणीत तर शब्दामुळेच घोटाळा होतो. आपण ‘थुंकीची तपासणी’ म्हणतो, त्यामुळे रुग्ण डबीत तोंडातली लाळ देतो. प्रयोगशाळेला हवा असतो तो छातीतून खाकरून काढलेला बेडका. त्यात भर म्हणजे, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तरी रुग्णाला क्षयरोग असतोच, फक्त तो काचपट्टीवर दिसत नाही. कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) आणि जनुकीय चाचण्या याहून कितीतरी कमी जंतू ओळखतात. म्हणून लक्षणे आणि एक्स-रे क्षयरोगाकडे बोट दाखवत असतील, तर केवळ काचपट्टीच्या तपासणीवर थांबू नये.

रक्ताच्या कल्चरमध्ये रक्त किती घेतले याला फार महत्त्व आहे. प्रौढ माणसाच्या रक्तात जंतूंची संख्या अतिशय विरळ असू शकते, त्यामुळे थोडेसेच रक्त घेतले तर त्यात एकही जंतू न येणे सहज शक्य असते. अँटिबायोटिक सुरू केल्यानंतर रक्त घेतले, तर ही शक्यता आणखी वाढते.

औषधे, आहार किंवा पूरक गोळ्या यांचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो रुग्णाने स्वतःहून सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल, तर आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स किमान चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू दबलेले राहून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. (या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद कराव्यात.) सीलिअ‍ॅक आजाराच्या (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, त्या) बाबतीत, गव्हाने त्रास होतो असे वाटून रुग्णाने आधीच गहू सोडलेला असतो आणि मग तपासणी होते; तोपर्यंत अँटीबॉडी उतरलेल्या असतात. त्याशिवाय ज्यांच्या शरीरात आयजीए ही अँटीबॉडी जन्मतःच तयार होत नाही, त्यांची नेहमीची सीलिअ‍ॅक चाचणी आजार असूनही निगेटिव्ह येते, म्हणून एकूण आयजीए सोबत मोजण्याची पद्धत आहे.

केसांसाठी आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या निरुपद्रवी समजल्या जातात. त्या काही रक्तचाचण्यांच्या रासायनिक जोडणीत अडथळा आणतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला. बायोटिनमुळे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात चढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाच्या चाचणीचा आकडा खोटा कमी आल्यानंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद त्यात होती. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सांगाव्यात, त्या औषध वाटत नसल्या तरी.

प्रतिकारशक्ती कमी असेल तर?

जी चाचणी जंतूऐवजी त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद मोजते, ती अशा रुग्णात फसू शकते, कारण प्रतिसादच क्षीण असतो. क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी याचे परिचित उदाहरण आहे. अशा वेळी थेट जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीचा आधार घेतला जातो.

जंतूमध्ये बदल झाला म्हणून चाचणी चुकते, हे खरे आहे का?

खरे आहे. मलेरियाच्या अनेक जलद चाचण्या फाल्सिपॅरम परजीवीच्या एचआरपी-२ या एकाच प्रथिनावर आधारलेल्या आहेत. हे प्रथिन तयार करणारे जनुकच गमावलेले परजीवी पेरू देशात आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले आणि पुढे इतर देशांतही तसे परजीवी सापडले. अशा रुग्णाच्या रक्तात परजीवी भरपूर असूनही पट्टी कोरीच राहते. याउलट, २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉन विषाणूत काही पीसीआर चाचण्यांना एक जनुक दिसेनासे झाले होते, तरी त्या चाचण्या एकाच वेळी इतर जनुकेही शोधत असल्याने संसर्ग निसटला नाही. एकाच खुणेवर अवलंबून न राहण्याचा फायदा तेथे स्पष्ट दिसला.

एक्स-रे, मॅमोग्राफी, स्कॅन यांत तर सगळे डोळ्यांना दिसते. तेथेही असे होते?

होते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या माहितीनुसार स्क्रीनिंग मॅमोग्राफीत (लक्षणे नसताना केलेल्या स्तनांच्या एक्स-रे तपासणीत) स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण आठांतला एक सापडत नाही. स्तनातील ऊतक दाट असेल तर हे अधिक घडते, कारण दाट ऊतकही चित्रात पांढरे दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. हाताला गाठ लागत असेल, तर निर्दोष मॅमोग्रामवर समाधान मानू नये. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी करून घ्यावी.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटात असलेले स्कॅफॉइड हे छोटे हाड पडल्यावर मोडते, पण पहिल्या एक्स-रेमध्ये ती चीर पुष्कळदा दिसत नाही. म्हणून तेथे दाबल्यावर दुखत असेल तर हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, अथवा आधीच एमआरआय करतात. मेंदूभोवती अचानक झालेल्या रक्तस्रावाचे नेमके उलट आहे: पहिल्या सहा तासांत आधुनिक सीटी स्कॅन तो जवळजवळ नेहमीच दाखवतो, पण दिवस जातील तसे रक्त विरघळून चित्र निर्दोष दिसू लागते. तेव्हा आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एकदम सुरू झाली असेल, तर ती नेमकी किती वाजता सुरू झाली हे सांगणे फार मोलाचे ठरते.

छातीत दुखत होते, पण ईसीजी नॉर्मल आला. घरी जावे का?

स्वतःच्या निर्णयाने जाऊ नये. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. ट्रोपोनिन रक्तात चढायलाही काही तास लागतात, म्हणून ते ठरावीक अंतराने दोनदा मोजतात. पहिल्या आकड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्यातला चढ महत्त्वाचा असतो.

तीच चाचणी पुन्हा केली तर शंका मिटते का?

चूक कशामुळे झाली असावी, यावर ते अवलंबून आहे. चाचणी २० टक्के रुग्ण चुकवत असेल, तर दोनदा केल्यावर फक्त ४ टक्के चुकतील, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण दोन्ही वेळच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच तो लागू होतो. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यामुळे अँटीबॉडी तयारच होत नसतील, तर तीच चाचणी दहा वेळा केली तरी दहाही वेळा निगेटिव्ह येईल. याउलट वेळ चुकली असेल किंवा नमुना अपुरा असेल, तर अंतर ठेवून घेतलेल्या नव्या नमुन्याने खरोखर फरक पडतो. मलेरियाचा दाट संशय असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने तीन वेळा रक्त तपासतात, कारण रक्तातली परजीवींची संख्या सतत बदलत असते. कोविडच्या घरगुती अँटीजन चाचणीबाबत एफडीएने ऑगस्ट २०२२ मध्ये असेच सुचवले: लक्षणे असतील तर ४८ तासांच्या अंतराने किमान दोनदा आणि नसतील तर किमान तीनदा चाचणी करावी.

एकही रुग्ण न चुकवणारी चाचणी का बनवत नाहीत?

तशी ‘चाचणी’ बनवणे अगदी सोपे आहे: येणाऱ्या प्रत्येकाला आजारी ठरवायचे. अडचण तेथेच आहे. ज्या आकड्यापासून रिपोर्ट पॉझिटिव्ह धरायचा तो आकडा खाली आणला की निसटणारे रुग्ण कमी होतात, पण निरोगी माणसे जास्त अडकतात. वर नेला की उलट होते. रेषा कोठे ओढायची, हे कोणती चूक अधिक महाग पडेल त्यावर ठरवतात. रक्तपेढीत दात्याचे रक्त तपासताना एक निरोगी पिशवी फेकली गेली तरी चालते, संसर्ग असलेली एकही पिशवी पुढे जाता कामा नये.

नियमित स्क्रीनिंग करूनही कर्करोग झाला, तर ती यंत्रणेची चूकच म्हणायची का?

नेहमीच नाही, पण हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. आयर्लंडमधील व्हिकी फेलन यांची २०११ मधील गर्भाशयमुखाची स्मिअर तपासणी (तेथल्या पेशी काचपट्टीवर तपासणे) निर्दोष असल्याचे कळवण्यात आले होते. २०१४ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. जुनी काचपट्टी पुन्हा तपासल्यावर आधीचा निष्कर्ष चुकीचा होता असे आढळले, पण हे त्यांना २०१७ पर्यंत सांगण्यात आले नाही. एप्रिल २०१८ मध्ये त्यांचा न्यायालयीन दावा तडजोडीने मिटला. तडजोडीविषयी मौन पाळण्याची अट त्यांनी स्वीकारली नाही, म्हणूनच हा विषय सर्वांसमोर आला आणि अशाच इतर दोनशेहून अधिक स्त्रियांची प्रकरणे उघड झाली. स्मिअर तपासणी काही रुग्ण चुकवणार हे वैद्यकशास्त्राला आधीपासून माहीत होते, आणि दर काही वर्षांनी ती पुन्हा करण्यामागचे एक कारण तेच आहे. चूक कळल्यावर ती रुग्णापासून दडवणे मात्र कोणत्याही आकडेवारीत बसत नाही. त्या देशाने मार्च २०२० पासून आधी एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू शोधणारी, अधिक संवेदनशील चाचणी सुरू केली. तीही प्रत्येक रुग्ण पकडत नाही; त्यामुळे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अनियमित रक्तस्राव झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण त्रास तसाच आहे. डॉक्टरांना काय विचारावे?

‘रिपोर्ट चुकीचा आहे का?’ असे विचारले तर संवाद बहुधा तेथेच संपतो. त्याऐवजी, ‘ही चाचणी माझ्या आजाराच्या या टप्प्यावर किती भरवशाची आहे?’, ‘रिपोर्ट येण्यापूर्वी तुम्हाला कशाची शंका होती आणि आता ती कितपत उरली आहे?’ आणि ‘कोणते लक्षण दिसले तर मी किती दिवसांत परत यावे?’ असे विचारावे. त्रास केव्हा सुरू झाला, नमुना केव्हा दिला आणि त्याआधी कोणती औषधे घेतली होती, हे कागदावर लिहून न्यावे. तीन-चार आठवड्यांतही चित्र स्पष्ट होत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह असताना डॉक्टर औषध का सुरू करतात?

कारण तपासणीआधीच आजाराची शक्यता किती होती, हा वर सांगितलेला हिशेब त्यांनी मनात केलेला असतो. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याचा संशय असेल तर अँटिबायोटिक कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता दिले जाते, आणि कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत तरी पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातील पेशी, साखर आणि प्रथिने संसर्गच दाखवत असतील तर ते चालूही ठेवले जाते. उपचार चुकून दिल्याने होणारे नुकसान आणि न दिल्याने होणारे नुकसान यांची तुलना करून हा निर्णय घेतलेला असतो. तो कशाच्या आधारावर घेतला आणि औषध केव्हा थांबवणार, हे रुग्णाने आणि घरच्यांनी अवश्य विचारावे.